तीन मिनिटांचे विमान

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने काहीतरी लिहायचेच, असा संपादक मंडळाचा हुकूम आला. वसतिगृहातली आमटी, वेल्ह्याची मुक्कामी एसटी आणि पावसाळ्यात वाहून गेलेले साकव यांवर इतर जण लिहिणार हे ठाऊक असल्यामुळे त्या वाटेला मी जात नाही. आपल्या हस्तव्यवसायाच्या सरांनी आठवीत मला एक वेड लावले. नोकरीच्या सगळ्या वर्षांत ते हातून झाले नाही, पण वाचून मात्र पुष्कळ झाले. त्याचाच इतिहास इथे थोडक्यात मांडतो. वेड आहे मॉडेल विमानांचे, आणि त्यातही ‘फ्री फ्लाइट’ म्हणतात त्या प्रकाराचे.

आज मॉडेल विमान म्हटले की हातात रिमोट आला, त्याहून अलीकडचे म्हणजे लग्नाच्या मांडवावर घोंघावणारा ड्रोन आला. फ्री फ्लाइट या सगळ्याच्या आधीचे. विमान हातातून सुटले की सुटले. मग त्याला डावीकडे वळवता येत नाही, वर नेता येत नाही, थांबवताही येत नाही. जे काही शिकवायचे ते सोडण्याच्या आधी शिकवून ठेवायचे. पंखाची पीळ कागदभर इकडची तिकडे झाली, तर पुढचे सगळे बिघडते. सरांचा आणखी एक नियम होता आणि त्यावर ते अगदी हटून असत : जे स्वतः केलेले नाही, ते सोडायचे नाही. दुसऱ्याने केलेले विमान वर्गात कितीही हाताळा, मैदानावर हात लावायचा नाही. त्या वेळी हा सरांचा तऱ्हेवाईकपणा वाटे. जगातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धांमध्येही हाच नियम लिहून ठेवलेला होता आणि पुढे तो काढून टाकला गेला, हे मला फार नंतर कळले. या लेखाचे खरे कारण तेच आहे.

आपल्याकडे सामान कसे होते ते आठवा. बाल्सा नावाचे हलके लाकूड येते दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरमधून. ते पुण्यात मिळाले तरी आपल्या खिशाला झेपणारे नव्हते. आपण पांगारा तासला. वर पतंगाचा कागद, आणि चिकटवायला खळ. एनसीसीच्या हवाई विभागाची मुले पुण्यात ही विमाने करतात असे सर सांगत. तिथे दोन तारांना बांधून गोल फिरवायच्या विमानाचीही पद्धत होती, कारण त्याला एका मैदानाएवढी जागा पुरते. फ्री फ्लाइटला ती पुरत नाही. आणि भोर-वेल्ह्यात सपाट जागा म्हणजे काय, हे मावळातल्या माणसाला सांगायला नको. एका बाजूला रोहिडा, दुसऱ्या बाजूला राजगड आणि तोरणा, मधे भातखाचरांच्या पायऱ्या. फक्त एप्रिल-मेमध्ये भाटघरचे पाणी मागे हटले की वेळवंडीच्या पात्रात गाळाची लांबच लांब सपाटी उघडी पडे. सर आम्हाला तिथे नेत. आमच्यातले कुठलेही विमान २० सेकंदांच्या वर राहिल्याचे मला आठवत नाही.

आता मूळ इतिहासाकडे येतो. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्युइलरी बागेत आल्फोन्स पेनो या तरुणाने पिळलेल्या रबरावर चालणारे एक छोटे विमान सोडले. ते ११ सेकंद उडाले. पंख स्थिर, मागे शेपूट आणि पंखा, शेपूट किंचित खाली कललेले, म्हणजे विमान आपले आपण सावरते. माणूस बसवून उडणाऱ्या विमानाला अजून ३२ वर्षे अवकाश होता. पेनोच्याच धर्तीचे रबरावर उडणारे एक खेळणे १८७८ च्या सुमारास अमेरिकेत एका धर्मगुरूने आपल्या दोन लहान मुलांसाठी घरी आणले. ते मोडले, तेव्हा मुलांनी स्वतःच तसे दुसरे केले. ही मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्विल राइट.

इथे कोणीतरी तळपद्यांचे नाव काढणार. १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलेली आहे. तिला त्या काळचा पक्का पुरावा आजवर पुढे आलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’शी ती जोडली जाते, त्यातल्या आराखड्यांची तपासणी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली, आणि ती विमाने उडू शकणार नाहीत असा निष्कर्ष काढला. तळपदे धडपडे गृहस्थ असतील, त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण ११ सेकंदांचे खरे उड्डाण हे कितीही उंच गेलेल्या दंतकथेपेक्षा माझ्या लेखी मोठे. सरांच्या हाताखाली स्टॉपवॉच धरलेल्या मुलाला दुसरे काही वाटणे शक्य नाही.

स्पर्धांचा इतिहास मात्र एरंडेलापासून सुरू होतो. चार्ल्स वेकफिल्ड हे लंडनचे तेलाचे व्यापारी. एरंडेलाला इंग्रजीत ‘कॅस्टर’ म्हणतात. त्यांच्या वंगणात ते असे, म्हणून त्याला त्यांनी ‘कॅस्ट्रॉल’ नाव दिले. आज भोरच्या कुठल्याही गॅरेजात तो डबा दिसेल. वेकफिल्ड यांनी १९११ मध्ये मॉडेल विमानांसाठी एक चषक ठेवला होता, आणि १९२८ पासून त्यांच्या नावाचा चांदीचा आंतरराष्ट्रीय चषक सुरू झाला. विमान रबरावर चालणारे, जास्तीत जास्त वेळ हवेत राहील त्याचा चषक, आणि ज्या देशाचा स्पर्धक जिंकेल तिथे पुढची स्पर्धा. ज्यांना बोटीचा प्रवास परवडत नसे त्या दूरच्या देशांतले लोक विमान खोक्यात घालून पाठवीत आणि तिथला एखादा अनोळखी माणूस ते त्यांच्या वतीने सोडत असे. सरांच्या नियमात हे बसते का? मला वाटते बसते. केलेले होते त्याचेच, फक्त हात उसना.

पहिल्या दहा वर्षांत चषक इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात फिरला, १९३७ मध्ये फ्रान्सकडे गेला. १९३९ मध्ये अमेरिकेत डिक कोर्डा या तरुणाचे विमान वर गेले आणि खाली येईचना. ४३ मिनिटांहून अधिक काळ ते हवेत होते! रबराचा पीळ तर मिनिटभरात संपलेला असतो. बाकीचा वेळ त्याला उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेने, म्हणजे ‘थर्मल’ने, तोलून धरले. आपल्या डोंगरांवर दुपारच्या वेळी घार पंख न हलवता गिरक्या घेत वर जाते, तेच हे. कोर्डा जिंकला, पण त्याच्या त्या उड्डाणाने एक प्रश्न ठसठशीतपणे पुढे आणला. स्पर्धा माणसांची की घारीच्या नशिबाची?

लगेच महायुद्ध आले. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन इथे स्पर्धा पुन्हा भरली आणि रॉय चेस्टरटन चषक इंग्लंडला घेऊन गेला. १९४९ आणि १९५० अशी दोन वर्षे फिनलंडच्या आर्ने एलिलाने तो जिंकला. मग स्वीडनचे सुने स्टार्क आणि आर्ने ब्लोमग्रेन. उत्तरेकडच्या या थंड देशांतली माणसे एकदम पुढे आली ती लांब हिवाळ्यात घरात बसून काम करता येते म्हणून, असा माझा तर्क आहे. आपल्याकडे तोच काळ पावसाळ्याचा असता. दोरीने वर ओढून सोडायच्या ग्लायडरची जागतिक स्पर्धा १९५१ मध्ये युगोस्लाव्हियात ब्लेडजवळ झाली, ती ऑस्ट्रियाच्या ऑस्कर चेपाने जिंकली. छोट्या इंजिनांच्या विमानांचीही झाली. तेव्हापासून आजवर मुख्य प्रकार हेच तीन आहेत : ग्लायडर, रबर, इंजिन.

कोर्डाच्या प्रश्नाचे उत्तर नियम करणाऱ्यांनी दोन प्रकारे दिले. एक, उड्डाणाला कमाल वेळ ठेवली. आधी ती पाच मिनिटे होती, १९५४ पासून तीन मिनिटे झाली. तीन मिनिटांनंतर विमान कितीही काळ राहो, गुण १८० सेकंदांचेच. एक भाग्यवान उड्डाण पुरत नाही; तशी बरीच लागतात. जे प्रत्येक वेळी कमाल वेळ पूर्ण करतात त्यांची शेवटी वाढीव मुदतीची फेरी.

तीनच मिनिटे का, याचे कारण जमिनीत आहे. सेकंदाला ५ मीटर एवढा साधा वारा धरला तरी तीन मिनिटांत विमान ९०० मीटर वाहत जाते. नियमाने स्पर्धा सेकंदाला ९ मीटर वाऱ्यापर्यंत चालू शकते, म्हणजे दीड किलोमीटरच्या वर. भोरच्या राजवाड्यापाशी सोडले तर गाव ओलांडून शेतात. एवढी मोकळी सपाटी युरोपातही सहज मिळत नाही.

वेळ संपल्यावर विमान खाली आणायची युक्ती मला सगळ्यांत आवडते. शेपटीपाशी सुताची एक वात पेटवून ठेवायची. ती जळत जाऊन ठरल्या वेळी एक बारीक रबर तोडते, शेपूट टणकन वर उचलले जाते आणि विमान उडायचे सोडून सपाट, अलगद खाली उतरते. समईच्या वातीएवढी गोष्ट! पुढे तिच्या जागी घड्याळासारखी यंत्रे आली, आणि आता जमिनीवरून एकच इशारा देऊन शेपूट उचलायला लावणारी रेडिओ यंत्रणा चालते. दिशा बदलायला तिचा उपयोग करायचा नाही, फक्त उतरवायला.

दुसरे उत्तर अधिक विलक्षण आहे. वेळ तीन मिनिटेच ठेवून विमानाचे बळ काढून घेत जायचे. रबराच्या विमानाचे किमान वजन २३० ग्रॅम ठरले. आधी त्यात रबर किती घालावे यावर बंधन नव्हते, आणि लोक निम्म्याहून अधिक वजन रबराचेच ठेवत. १९५४ मध्ये मर्यादा आली, ८० ग्रॅमची. मग ती ५० झाली, मग ४०, मग ३५, आज ३० आहे. एकूण वजन मात्र तेच २३०! म्हणजे दर वेळी जेवढे रबर काढले तेवढा बोजा सांगाड्यावर चढला. इंजिनाच्या विमानाचेही तसेच. इंजिन अडीच सीसीचे, पण ते चालवायचे किती? एके काळी १५ सेकंद, मग १०, मग ७, मग ५, आता ४. चार सेकंद म्हणजे आपण हजेरीला ‘हजर सर’ म्हणून खाली बसेपर्यंतचा वेळ. तेवढ्यात ते शंभर मीटरच्या आसपास पोचते आणि उरलेला वेळ नुसते तरंगत काढते.

दर वेळी जुन्या लोकांनी ओरड केली असणार की आता खेळ संपला. आणि दर वेळी लोकांनी कमी बळात तीच तीन मिनिटे काढून दाखवली. पंख लांब आणि अरुंद झाले, लाकडाच्या जागी कार्बनचे धागे आले, पंख्याच्या पात्यांचा कोन उडताना आपोआप बदलू लागला. रबराचीही निवड होऊ लागली. पूर्वी इटलीच्या पिरेलीचे रबर नावाजलेले होते, त्यानंतर विशिष्ट महिन्यात निघालेल्या घाण्याचे रबर लोक जुन्या तांदळासारखे जपून ठेवू लागले.

१९८७ पासून वर्षभराच्या स्पर्धांचे गुण एकत्र धरून जागतिक चषक देतात, त्यामुळे या खेळाला हंगाम आला. फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात सुरुवात, मग उन्हाळाभर युरोपात या देशातून त्या देशात, मंगोलियाच्या गवताळ पठारावरही. माझी मुलगी त्या बाजूला राहते, म्हणून काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत लॉस्ट हिल्सला जाण्याचा योग आला. नावात डोंगर आहेत, पण आहे सगळे सपाट. कडेला तेलविहिरी, पिस्त्यांच्या बागा, आणि पहाटे असे धुके की मढे घाटाची आठवण यावी. २०१९ ची जागतिक स्पर्धा इथेच झाली.

मला नवल वाटले ते माणसांचे. उंच काठ्यांना चमकदार पातळ फिती बांधलेल्या, आणि सगळे जण विमानांकडे नव्हे तर त्या फितींकडे बघत उभे. दहा-दहा मिनिटे कोणी काही करीत नाही. मग फीत वर उचलली जाते, कोणीतरी एक जण सोडतो, त्याचे विमान चढते आहेसे दिसले की मागोमाग बाकीचे धाडधाड सोडतात. ऐंशीच्या घरातले आजोबा आणि शाळकरी मुलगी एकाच वर्गात, एकाच नियमाने. नंतर वाऱ्याच्या दिशेने दुचाकीवर किंवा पायी शोधायला जायचे. काटलेल्या पतंगामागे धावणे ज्यांनी केले आहे, त्यांना जास्त सांगायला नको.

आता सरांचा नियम. विमान सोडणारा आणि करणारा एकच असला पाहिजे, ही अट आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये दीर्घकाळ होती. सोव्हिएत संघात सरकारी मंडळांमधून मुलांना हे काम हाताने शिकवले जाई आणि तिथून एकापेक्षा एक कारागीर निघाले. १९९१ मध्ये तो देश मोडला. पगार थांबले, आणि त्या कारागिरांकडे विकण्यासारखे एकच होते, ते म्हणजे हातातले कसब. युक्रेन आणि रशियातून तयार विमाने, सुटे पंख आणि पंखे जगभर जाऊ लागले. कोणी काय स्वतः केले हे तपासणे अशक्य झाले, आणि पुढे ती अटच गेली.

अट काढण्याच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. साठीनंतर ज्याचे डोळे आणि बोटे साथ देत नाहीत त्याने खेळूच नये का? ज्या मुलाकडे घरी कार्यशाळा नाही त्याचे काय? शिवाय हवा ओळखणे हे वेगळे कौशल्य आहे, ते लाकूड तासून येत नाही. हे सगळे मला पटते. ज्यांनी आपल्या पोटासाठी विमाने विकली त्यांना तर दोष देणेच शक्य नाही. त्यांच्यामुळे कितीतरी देशांत हा खेळ टिकून राहिला.

पण इतिहास एक गंमतशीर साक्ष देतो. अट गेली तरी करणाऱ्यांचे पारडे जडच राहिले. युक्रेनचे येव्हगेनी व्हर्बित्स्की इंजिनाच्या प्रकारात पुन्हा पुन्हा जगज्जेते झाले. ते स्वतः विमाने आणि इंजिने घडवणारे. युक्रेनमधून अमेरिकेत गेलेले ॲलेक्स आंद्र्युकोव्ह रबराच्या विमानांचे जगज्जेते, आणि जगातल्या अर्ध्या पेट्यांमध्ये त्यांच्याच धर्तीचे सामान. विकत घेणाऱ्याच्या हातात तेच विमान असते, पण सकाळी गारठ्याने रबर आखडले, शेपटीचा कोन केसाएवढा बदलायचा आहे, तर किती आणि कुठे, हे ज्याने ती शेपूट केली त्याच्या बोटांना आधी कळते. म्हणून मी दोन्ही बाजू मान्य करतो, समसमान मात्र नाही. मोठ्यांच्या स्पर्धेत अट नसली तरी चालेल. शाळेत असावी.

आपल्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला मी मागच्या वर्षी आलो होतो. पाच टेबलांवर पाच ड्रोन, तयार खोक्यातून काढून जोडलेले, आणि मुले माहिती अगदी घडाघडा सांगत होती. त्यांचे कौतुकच आहे. सहाव्या टेबलावर, वेल्ह्याच्या बाजूच्या एका मुलीने, लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे आणि बांबूच्या कामट्यांचे ग्लायडर मांडले होते. त्याला बक्षीस नव्हते. पंखाची टोके तिने वर का वळवली आहेत, असे मी विचारले. ‘नाहीतर ते कलंडतं आणि परत येत नाही. तीन केली, तेव्हा समजलं,’ ती म्हणाली. पेनोने १८७१ मध्ये पंखांची टोके वरच वळवली होती. हे तिला कोणी सांगितलेले नव्हते.

सर, तुम्ही मेळाव्याला येणार असल्याचे कळले. लॉस्ट हिल्सहून निघताना तिथल्या एकाने मला स्पर्धेच्या रबराची एक गुंडी दिली, मोजून ३० ग्रॅम. वजनाने छोट्या लिंबाएवढी भरते. ती मी बरोबर आणतो आहे. आणि त्या मुलीच्या वर्गशिक्षिकांशी बोलणे झाले आहे. तिने आता चौथे करायला घेतले आहे, या वेळी पुढे पंखा लावून. मे महिन्यात भाटघरचे पाणी खाली गेले की गाळावर जायचे ठरते आहे. स्टॉपवॉच तुमच्याकडे अजून असेल, तर आणावे.